दारातून तिसरा खांब

इमारत पाडायला आलेला माणूस पहिल्या दिवशी काहीच पाडत नाही, असं तुम्हाला कुणी सांगितलं तर तुम्ही काय म्हणाल? मी म्हणालो, हा माणूस माझा दसरा बुडवणार.

उकंडराव मिस्त्री देऊळघाटहून आले ते बैलगाडीतून. सोबत दोन गडी, गड्यांच्या बायका, पहारी, दोरखंड आणि एक घोंगडी. घोंगडी त्यांनी माझ्या दुकानाच्या मधोमध अंथरली आणि तिच्यावर मांडी घालून बसले. सकाळभर आढ्याकडे पाहत बसले, दुपारभर भिंतींकडे पाहत बसले. संध्याकाळी मी न राहवून विचारलं, "मिस्त्री, सुरुवात कवा करता?"

"झाली ना मालक," ते म्हणाले. "सकायीच झाली."

माझा स्वभाव तापट आहे, हे चिखलीच्या पेठेत कुणालाही विचारा. पण त्या दिवशी मी गिळलं, कारण मला दुसरा माणूस मिळणार नव्हता. आमचं अडतीचं दुकान वडिलांनी, उद्धवरावांनी, बांधलं ते ज्या साली वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलं गेलं त्या साली. शेतकऱ्याने कापूस-ज्वारीच्या गाड्या आणायच्या, आम्ही तो माल व्यापाऱ्याला विकून द्यायचा, असा धंदा. चाळीस वर्षांत गाड्या वाढल्या, दुकान तेवढंच राहिलं. त्रेचाळीस साली मी ठरवलं की पुढचं दुकान आणि मागचं कोठार यांच्यामधली भिंत काढायची, दार उंच करायचं आणि गाडी थेट आत येईल असं करायचं. दसऱ्याला नवा कापूस येतो. दसऱ्याच्या मुहूर्तावर दुकान उघडायचं.

आणि नेमकी तेव्हा लढाई चालू. लोखंड परमिटवर, सिमेंट परमिटवर, आणि सागवान तर दिसलं की सरकार उचलायचं. बुलढाण्याच्या कचेरीत मी तीनदा जाऊन आलो. तिसऱ्यांदा कारकून म्हणाला, "लढाई संपल्यावर या." जसं काही लढाई माझ्या मेहुण्याने काढली होती! शेवटी कुणीतरी सांगितलं की देऊळघाटला एक माणूस आहे, जुनं उतरवतो आणि तेच पुन्हा चढवतो, बाजारातून नवं काही आणावं लागत नाही. असे उकंडराव माझ्या दारी आले. चाळिशीच्या आतले, अंगाने काटकुळे, बोलणं कमी, आणि हाताच्या नखांत कायमचा गेरू.

तिसऱ्या दिवशी खरं काम सुरू झालं आणि मला तोंडात बोट घालायची पाळी आली. पाडणं म्हणजे धूळ, दणदणाट आणि ढीग, अशी माझी समजूत. इथे ढीग नव्हताच. बांधताना जे शेवटी चढलं होतं ते आधी उतरत होतं. आधी कवेलू, म्हणजे कौल, ते छपरावरून शिडीवर आणि शिडीवरून खाली, हातातून हातात. फुटकं कवेलू बाजूला, त्याचा कुटून जमिनीला कोबा व्हायचा. मग वासे, मग तुळया. भिंतीतली वीट पहारीने उखडायची नाही, दोन पटाशांनी हलवून हलवून सुटी करायची, दुधाच्या दातासारखी. तिच्यावरचा चुना खरवडून बाया चाळून ठेवत. अर्ध्या विटा कुटून त्यांची सुरकी, ती नव्या चुन्यात घालून बैलाच्या घाण्यात दळायची. वाकडे खिळे सरळ करायला एक वयस्कर बाई दगड घेऊन बसलेली, तिची टुकटुक दिवसभर चालायची. मी एकदा एक गंजका खिळा उचलून फेकला तर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी तो शोधून परत आणून दिला.

पेठेतले लोक येऊन चेष्टा करून जात. "काय रंगराव, सोताचंच दुकान चोरून राह्यले काय?" मीही हसून घेई. आतून मात्र बरं वाटत होतं. माझ्या वडिलांच्या दुकानातली एक वीट वाया जात नव्हती.

राहता राहिले खांब. दुकानात सागाचे नऊ खांब होते, तेलपाणी पिऊन काळे झालेले, प्रत्येकाखाली दगडी तळखडा. खांब उतरवण्याआधी उकंडराव त्याच्यासमोर उकिडवे बसत, ओल्या फडक्याने तो पुसत, पटाशीने एखादी गाठ जराशी खरवडत, तिच्यावरून बोट फिरवत, आणि मग खालच्या टोकाला गेरूचा टिळा लावत. दोन खांबांना टिळा लागेपर्यंत अर्धा दिवस गेला. मी म्हटलं, "मिस्त्री, खांबच हाय, नवरी नाही. किती पाहता?"

"बुडखा पाहून राह्यलो, मालक."

बुडखा म्हणजे लाकडाचं मुळाकडचं टोक. झाड रानात जसं उभं होतं तसंच ते घरात उभं राहिलं पाहिजे, बुडखा खाली, शेंडा वर. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. उलटा खांब घराला भोवतो, म्हणतात. पण त्याहून जास्त भोवतो तो उभा करणाऱ्या मिस्त्रीला. त्याचा वंश वाढत नाही. म्हणून चांगला मिस्त्री गाठी पाहतो. गाठ म्हणजे तुटलेली फांदी, आणि तिचा रोख लाकडाच्या आत राहून जातो. "फांदी वरच जाते," उकंडराव म्हणाले. "मालक बदलला म्हून खाली नाही येत."

"पण हे तर उभेच हायेत चाळीस वर्षं. ज्यानं उभारले त्यानं पाहूनच उभारले असतीन."

"माह्या बापानं उभारले," ते म्हणाले.

हे मला माहीत नव्हतं. त्या दुपारी भाकरी खाताना त्यांनी ते सांगितलं, तेही मी दोनदा विचारलं तेव्हा.

त्यांचे वडील कडूबा मिस्त्री. एके काळी मेहकरपासून बुलढाण्यापर्यंत कुणी दुकान, पेढी बांधायला काढली की आधी कडूबांना बोलावणं जाई. आमचं दुकान उभं राहिलं त्याच्या पुढच्याच साली देऊळघाटात पटकी आली आणि आठ दिवसांत कडूबांची चारही लेकरं गेली. दोन मुलगे, दोन मुली. त्या साली अनेकांची गेली. पण बाकीच्यांची गेली ती पटकीने, आणि कडूबांची गेली ती म्हणे उलट्या खांबाने. मिस्त्रीची चार लेकरं एकदम जातात म्हणजे याने कुठेतरी खांब उलटा उभा केला असणार! कुठे, कधी, ते कुणी विचारलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, तसं झालं. त्यांना उभारायला कुणी बोलावीना. तेव्हा ते पाडायला लागले. पाडायला उलट्या हाताचा माणूस चालतो.

त्यानंतर उकंडराव जन्मले. हेही जाईल या धाकाने आईने त्यांना सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवलं, शेजारणीने तिथून उचलून आणलं, आणि नाव पडलं उकंडा. टाकून दिलेलं लेकरू काळ नेत नाही, असा आमचा जुना तोडगा.

"बाप मेला तवा मी अठराचा," उकंडराव म्हणाले. "मरेपावतर एकच म्हने, माहा हात चुकला नाही. पन कोनाले सांगे नाही, मलेच म्हने. तवापासून मी पाहून राह्यलो. बापानं उभारलेलं काई उतराले निंघालं का मी बलावल्याबिगर जातो. सात इमारती झाल्या. मेहकरची पेढी झाली, बुलढान्याचे दुकानं झाले. समदे खांब सुधे. आता हे तुमचं एकच राह्यलं."

"अन् तुमची माय? ती काय म्हणते?"

"माय काई म्हनत नाही. खांबाची गोठ काढली का ती चूल फुंकाले बसते. चूल पेटेल असली तरी." भाकरीचा शेवटचा तुकडा त्यांनी पाण्याबरोबर गिळला. "सत्तरीच्या वर गेली. तिच्या मानसाचा हात सुधा होता, येवढं तिले सांगाचं हाय मले. मंग मी मोकया झालो."

म्हणजे मला दसऱ्याची घाई होती आणि त्यांना आईच्या वयाची. त्यांची घाई माझ्याहून मोठी होती, पण ते कुणावर ओरडत नव्हते. मला थोडी लाज वाटली. थोडीच, कारण दसरा बारा दिवसांवर आला होता.

त्या दिवशी ते मागच्या बाजूने सुरू करून पुढे आले. एकेक खांब सरळ निघत होता. नववा, आठवा, सातवा. प्रत्येक टिळ्याबरोबर त्यांचा चेहरा उजळत गेला. एकदा तर ते चक्क गुणगुणले, आणि खिळेवाली बाई टुकटुक थांबवून पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दारातला पहिला आणि दुसरा धरून आठ झाले. दारातून तिसरा तेवढा राहिला होता; त्याला विटांची रास टेकलेली होती, म्हणून तो मागे ठेवला होता.

तिसऱ्या खांबापुढे ते बसले. पुसलं. गाठ खरवडली. मग दुसरी गाठ. मग उठून दुसऱ्या बाजूने बसले आणि तिकडची गाठ खरवडली. मग खांबाच्या डोक्यावरची नक्षीची फळी उतरवायला सांगितली. फळीमागे लोखंडी पट्टी होती, पट्टीमागे खांबाचं टोक, आणि टोकात हातभर पोकळी, चुना आणि राळ ठासून भरलेली. ती वाळवीने खाल्लेली जागा होती.

उकंडराव शिडीवरून खाली उतरले आणि शेजारच्या रिकाम्या तळखड्यावर बसले. मी विचारलं, काय झालं. ते म्हणाले, "वायवी जमिनीतून येते, मालक. आभायातून नाही येत." मग खांबाकडे बोट करून म्हणाले, "उलटा हाय. बुडखा वर हाय. अन् चुकून नाही झालं, पोकय भरून वरून फयी मारेल हाय. झाकलं बापानं."

आता इथे मी जे केलं ते सांगायला नको वाटतं, पण सांगितलंच पाहिजे. मी ओरडलो. गडी होते, बाया होत्या, शेजारच्या दुकानातले दोघे ओट्यावर उभे होते. त्या सगळ्यांदेखत मी म्हणालो, "माह्या बापाच्या दुकानात उलटा खांब? चाळीस वर्षं? तुह्या बापानं आमच्या घरावर हे करून ठेवलं अन् तू इथं गेरू लावत बसला! काऊन बे, याच्यासाठी आला होता काय?"

चाळीस वर्षांत त्या खांबाखाली आमचं काहीही वाईट झालं नव्हतं. आम्ही सहा भावंडं, सहाही जिवंत. दुकान भरभराटलेलं. पण रागाला हिशोब कळत नाही.

उकंडराव जागच्या जागी वाकले. माणसाला मारलं असतं तरी तो इतका वाकला नसता. त्यांनी वाकस, पटाशा, दोरखंड गोळा करायला सुरुवात केली. "सकायी जातो," ते म्हणाले. "तुमी दुसरा पाहा. मजुरी नोको."

घरी जेवायला बसलो तरी माझं तोंड चालूच होतं. असला मिस्त्री, तसला मिस्त्री, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, वगैरे. माझी आई रुखमाबाई पलीकडे भिंतीला टेकून बसली होती. ती सहसा माझ्या बोलण्यात पडत नाही. माझा राग वडिलांवर गेला आहे आणि वडिलांचा राग तिने भरपूर पाहिला आहे.

"कोनता खांब?" तिने विचारलं.

"दारातून तिसरा."

"मंग त्याले काऊन शिव्या देतं? तुह्या बापाले दे."

आई बोलत गेली, अगदी साध्या आवाजात, जणू कालचं सांगते आहे.

ती तेव्हा पंधरा वर्षांची होती, लग्न होऊन वर्ष झालेलं. दसऱ्याचा मुहूर्त. खांब उभे करण्याची पूजा व्हायची होती, आणि ती ओवाळणीचं ताट घेऊन दाराआड उभी. तिसरा खांब उचलला तर त्याचा बुडखा पोकळ निघाला. तो कुठल्याशा पडलेल्या गढीतून आणलेला जुनाच खांब होता; नवं लाकूड आमच्या वडिलांनाही महागच वाटायचं. कडूबा म्हणाले, एक दिवस द्या, कुजलेलं कापतो आणि कमी झालं तेवढा दगडी तळखडा उंच घडवतो. वडील म्हणाले, मुहूर्त जातो, पाहुणे जमलेत, आधी खांब उभा कर. कडूबा म्हणाले, असा उभा केला तर महिन्यात बसेल. वडील म्हणाले, तर मग उलटा कर, कुजकी बाजू वर जाऊ दे, फळीखाली कुणाला दिसते! कडूबा नाही म्हणाले. तीनदा नाही म्हणाले, आई सांगत होती, तिने मोजलं होतं. मग वडिलांनी आवाज चढवला.

"अन् उभा केल्यावर त्याच्याकडून बेलभंडार उचलून घेतला," आई म्हणाली. "कोनापाशी बोलशील नाही म्हून. उलटा खांब हाय समजलं असतं तं कोन कास्तकार कापूस आनता तुह्या बापाच्या दुकानात? पुढल्या साली त्याचे लेकरं गेले. गावानं त्याले खांबावरून बोलाले सुरुवात केली. तुहा बाप दोन दिस जेवला नाही. मले वाटलं, आता बोलन. पन नाही बोलला. अन् त्याबी मानसानं नाही सांगतलं. एक शबद सांगतला असता तं सुटला असता."

"अन् तू?"

"मी?" आई म्हणाली. "मी ताट घेऊन उभी होती, बापा. मले कोन इचारलं?"

ती रडली नाही. मी मात्र ताटावरून उठलो. मला माझ्या वडिलांचा राग आला, आणि रागावायला ते समोर नव्हते. एका माणसाने दिलेला शब्द पाळला म्हणून त्याचं घर बसलं, आणि आमचं त्याच शब्दावर उभं राहिलं. मी ज्या भाकरीवर वाढलो तीत हे होतं. आणि आज मी त्याच्या मुलाला "काऊन बे" म्हणून आलो होतो.

सकाळी लवकर मी दुकानावर गेलो. गाडी जुंपायची तयारी चालली होती. वाटेत माझ्या मनाने एक पळवाट काढून ठेवली होती, तीही सांगतो: उकंडरावांना बाजूला घ्यायचं, हळूच सांगायचं, काम पुरं करून घ्यायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण तिथे तेच गडी होते, त्याच बाया होत्या, आणि शेजारचे दोघे कालच्यासारखेच ओट्यावर येऊन उभे राहिले होते, आजचा खेळ पाहायला. जिथे शिवी दिली तिथेच ती परत घ्यावी लागते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मुहूर्त, बुडखा, तीनदा नाही म्हणणं, बेलभंडार. आवाज माझा मोठा आहे, पेठेत चार दुकानांपर्यंत गेला असेल.

उकंडराव बैलाच्या मानेवर हात ठेवून ऐकत होते. माझं संपलं तेव्हा म्हणाले, "तीनदा नाही म्हने?"

"तीनदा. मायनं मोजलं."

त्यांनी बैल सोडला. मग खांबापाशी गेले आणि त्याच्यावर तळहात ठेवून उभे राहिले. मी दुसरीकडे पाहिलं. खिळेवाली बाई पदराने डोळे पुसत होती, तिला काय समजलं होतं देव जाणे, पण पुसत होती.

काम पुन्हा लागलं. तिसऱ्या खांबाची कुजकी बाजू त्यांनी कापली, आणि तो हातभर कमी भरला. मग कडूबांना जो एक दिवस मिळाला नव्हता तो त्यांच्या मुलाने घेतला. मधल्या भिंतीच्या पायातून निघालेला एक काळा दगड निवडून त्यांनी तळखडा घडवला, बाकीच्यांहून हातभर उंच. संध्याकाळी मला म्हणाले, "मालक, बाकीचे आठ बी मी हातभर कापून देतो. खाली एकेक असाच दगड घालतो. समदे सारखे दिसतीन. कोनाले काई समजनार नाही."

हे त्यांनी माझ्यासाठी सुचवलं होतं. त्यांच्या बापाने माझ्या बापासाठी झाकलं, आता ते माझ्यासाठी झाकायला तयार होते. त्या लोकांना दुसऱ्याची अब्रू सांभाळायची खोडच होती. आणि खरं सांगतो, क्षणभर मला मोह झाला. दसऱ्याला शंभर गाड्या येणार. प्रत्येक जण विचारणार, एकाच खांबाखाली एवढा उंच दगड काऊन?

"नको," मी म्हटलं. "दिसू द्या."

दसऱ्याला दुकान उघडलं. माझा अंदाज खोटा ठरला नाही, प्रत्येकाने विचारलं. मीही प्रत्येकाला सांगितलं. पहिल्या दहाजणांना सांगणं जड गेलं, नंतर सवय झाली. काही शेतकऱ्यांनी गाड्या वळवून पलीकडच्या अडत्याकडे नेल्या. बापाने असं केलं त्या घरी माल कोण देईल, असं एक जण तोंडावर म्हणाला. काही थांबले. एका म्हाताऱ्याने तिसऱ्या खांबाला हात लावून नमस्कार केला, कशासाठी ते त्याने सांगितलं नाही.

दुपारी मी दुकान भावावर सोपवलं आणि आपट्याची पानं घेऊन उकंडरावांसोबत देऊळघाटला निघालो. आपल्या आईला त्यांनी अजून काही सांगितलं नव्हतं. "माह्या तोंडून आयकलं तं म्हनन, लेक बापाची बाजू घेऊन राह्यला," ते म्हणाले होते. "तुमीच सांगा." कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार खोकत खोकत बुलढाण्यापर्यंत गेली, तिथून पुढे एका ओळखीच्याची गाडी मिळाली.

उकंडरावांची आई, मनकर्णाबाई, ओट्यावर बसल्या होत्या. पाठीत वाकलेल्या, पण नजर चांगली. घर छोटंसं, आणि जागोजागी जुनं: एका दुकानाची चौकट, एका पेढीची कडी, तीन वेगवेगळ्या इमारतींची कवेलं. मी पानं हातावर ठेवून पाया पडलो, नाव सांगितलं. "चिखलीच्या उद्धवरावचा मुलगा," म्हटल्यावर त्यांचा हात माझ्या डोक्यावर यायचा तो मधेच थांबला.

मी सांगायला लागलो. तयारी करून गेलो होतो, पण वाक्यं जुळेनात. "मावशी, आमच्या दुकानातला एक खांब..."

"दारातून तिसरा," त्या म्हणाल्या.

उकंडराव गाडीतून सामान काढत होते, ते तसेच उभे राहिले. "माये? तुले म्हाईत होतं?"

"मले नाही तं कोनाले? त्याच रातीले घरी येऊन ढसढसा रडला होता तुहा बाप."

"मंग मले काऊन नाही सांगतलं? मी वीस वर्षं खांब पाहत हिंडलो, माये!"

"बेलभंडार उचलला होता त्यानं," म्हातारी म्हणाली. "नवऱ्याचा शबद बायकोनं मोडाचा काय?"

मग त्या माझ्याकडे वळल्या आणि मला बाकीचं सांगू दिलं. मी सगळं सांगितलं. माझ्या वडिलांनी आवाज चढवला, कडूबा तीनदा नाही म्हणाले, आमच्या घरी हे ठाऊक असून कुणी बोललं नाही. आज दुकानात शंभर माणसांना मी हे सांगून आलो, तेही सांगितलं. ऐकताना त्यांनी एकदाही मान हलवली नाही. माफी मागितली त्याला त्यांनी उत्तर दिलं नाही, आणि मला ते बरोबरच वाटलं. चार लेकरांची माफी कोण देणार, आणि कुणाला? आपट्याचं एक पान त्या बोटांत फिरवत राहिल्या.

"म्हंजे तुमच्या घरच्यानंच सांगतलं आता," शेवटी त्या म्हणाल्या. "चारचौघात सांगतलं."

"हो, मावशी."

"मंग तो बेलभंडार सुटला ना?"

"सुटला."

"मंग आता मी बोलू?"

मी मान हलवली. मनकर्णाबाईंनी काठी घेतली, ओट्याच्या कडेला आल्या आणि गल्लीपलीकडे हाक मारली, सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या मानाने फार मोठी हाक. "अवं अन्नपूर्णे! इकडं ये. तुह्या सासूले बी घेऊन ये."

दोघी आल्या. मागून आणखी दोघी-तिघी आल्या, दसऱ्याचं सोनं वाटत फिरणारे दोन म्हातारे थांबले. मनकर्णाबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला, सगळे बसेपर्यंत थांबल्या, आणि मग त्यांनी सुरुवात केली.

"माह्या मानसाचा हात सुधा होता," त्या म्हणाल्या. "आयका."